चुनखडीतली पांढरी मुळी

होमस्टेडच्या शेतात मांडवाचा खांब रोवायचा तर आधी खडकात भोक पाडावं लागतं. तिथे पहार चालत नाही, खडक फोडणारं यंत्रच लागतं. फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाचं हे गाव मायामी-डेड काउंटीत येतं. आंबा, अवोकॅडो, लिची, पेरू, चिकू यांच्या बागांसाठी ते अमेरिकेत प्रसिद्ध आहे आणि या सगळ्या बागा दगडावर उभ्या आहेत. सुमारे सव्वा लाख वर्षांपूर्वी समुद्राची पातळी आजच्यापेक्षा वर होती. इथल्या उथळ, कोमट पाण्यात चुन्याचे खसखशीएवढे गोल दाणे तयार झाले. समुद्र मागे हटला, दाणे एकमेकांना चिकटले आणि त्यांचा खडक झाला. भूशास्त्रात त्याला मायामी चुनखडक म्हणतात. या खडकावर सलग मातीचा थर असा जवळजवळ नव्हताच. खडकातल्या खळग्यांमध्ये तेवढी तांबडी माती साचलेली होती. तिच्यावरूनच या भागाला रेडलँड म्हणू लागले.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे आलेले बागायतदार एकेका झाडासाठी सुरुंग लावून खड्डा घेत. पुढे बुलडोझरमागे ओढायचा खडक-नांगर आला. खडकाचा वरचा पंधरा ते वीस सेंटिमीटरचा थर फोडायचा, त्याची खडी करायची आणि त्या खडीवर शेती करायची, ही इथली रीत झाली. माणसानं फोडून तयार केलेल्या या जमिनीचं शास्त्रीय नाव क्रोम. इथल्या एका मोठ्या रस्त्याचंही नाव तेच. विल्यम क्रोम हे उद्योगपती फ्लॅगलर यांनी समुद्रावरून की वेस्टला नेलेल्या रेल्वेचे अभियंते होते आणि या भागातल्या पहिल्या मोठ्या फळबागायतदारांपैकी एक. ही माती चाळायला घेतली तर खाली पडते त्याहून जास्त चाळणीत उरते. सामू ७.४ ते ८.४. पॅशन फ्रूटला, म्हणजे आपल्या कृष्णकमळाच्या कुळातल्या या फळवेलीला, साडेसहा ते साडेसातचा सामू मानवतो असं शिफारशीच्या पुस्तकांत लिहिलेलं असतं.

मी इथे एका फळबागेत आणि तिच्या रोपवाटिकेत कृषितज्ज्ञ म्हणून काम करते. पॅशन फ्रूटचे मांडव माझ्याकडे आहेत. शिक्षण राहुरीच्या कृषी विद्यापीठात झालं, माहेर माळशिरस तालुक्यातलं, उसाचं. त्यामुळे चुनखडीच्या जमिनीतलं पिवळं पान मला लहानपणापासून ओळखीचं. लागणीचा ऊस गुडघ्याएवढा झाला की चुनखडीच्या पट्ट्यात केवडा पडायचा. कोवळी पानं पिवळी, मग जवळजवळ पांढरी, फक्त शिरांच्या हिरव्या रेघा उरायच्या. माझे वडील हिराकस शेणखतात मुरवून सरीत टाकायचे. नुसतं हिराकस टाकलं तर जमीन ते गिळते, शेणात मुरवलं तर ऊस खातो, असं ते सांगत. त्यामागचं रसायनशास्त्र मला राहुरीत कळलं. पण ते शास्त्र वेलीच्या बाबतीत नेमकं कसं चालतं हे मी होमस्टेडला आल्यावर पाहिलं.

वेल लावल्यावर सुरुवातीचे काही आठवडे सगळं छान असतं. रोप पीट आणि झाडाच्या सालीच्या भुशात वाढलेलं, ते मिश्रण आम्लधर्मी, त्यामुळे पानं गर्द हिरवी. मग मुळं त्या गोळ्याच्या बाहेर पडतात, खडीला लागतात, आणि शेंड्याकडचं नवं पान फिकट निघतं. त्याच्या पुढचं आणखी फिकट. खालची जुनी पानं मात्र हिरवीच राहतात. पिवळेपणा वर आहे की खाली, हे इथे सगळ्यात आधी पाहायचं. नत्र कमी पडलं तर वेल जुन्या पानांतलं नत्र काढून नव्या पानांना देते, म्हणून खालची पानं पिवळी पडतात. लोह असं हलवता येत नाही. जुन्या पानात बसलेलं लोह तिथेच राहतं आणि उपास नव्या पानाला घडतो. मँगेनीज कमी असेल तर शिरांच्या बाजूनं हिरवा पट्टा जरा रुंद राहतो, जस्त कमी असेल तर पान लहान आणि अरुंद होतं. चुनखडीत बहुतेक वेळा तिन्ही कमी असतात, पण पहिली हाक लोहाची येते.

आणि हा उपास घडतो तो लोहानंच तांबड्या झालेल्या मातीत. रेडलँडची माती लाल आहे ती लोहाच्या ऑक्साइडमुळे. म्हणजे लोह भरपूर आहे, फक्त ते मुळीला घेता येईल अशा रूपात नाही. सामू एका अंकानं वाढला की पाण्यात विरघळलेलं फेरिक लोह हजार पटींनी घटतं. साडेसहाचा सामू साडेसात झाला की हजारावा भाग, साडेआठ झाला की दहा लाखावा. या आकड्यांपुढे कोणतीही वेल जगूच नये. तरी ती जगते, कारण तिचं मूळ मातीच्या सामूवर सगळा भार टाकत नाही. ते स्वतःभोवतीचा, केसाएवढ्या जाडीचा थर बदलतं.

इथे ऊस आणि पॅशन फ्रूट यांच्या वाटा वेगळ्या होतात, आणि मला या विषयातला हा सगळ्यात सुंदर भाग वाटतो. ऊस, ज्वारी, मका, भात ही सगळी गवताच्या कुळातली. त्यांची मुळं एक द्रव्य बाहेर सोडतात, ते लोहाला पकडतं आणि मूळ त्या दोघांना एकत्रच आत घेतं. ओट आणि भाताच्या मुळांतून असं द्रव्य निघतं हे जपानचे शास्त्रज्ञ ताकागी यांनी १९७६ साली दाखवलं. पॅशन फ्रूट द्विदल. द्विदलांची मुळं हायड्रोजन आयन बाहेर ढकलून आपल्या अंगालगतचा थर आंबट करतात, फेरिक लोहाचं फेरस करणारं विकर मुळाच्या पृष्ठभागावर वाढवतात, आणि मग फेरस लोह आत ओढणारी प्रथिनं कामाला लावतात. शिवाय काही फेनॉलिक द्रव्यंही पाझरवतात. लोह कमी पडलं की ही सगळी यंत्रणा जोर धरते, मिळालं की मंदावते. रोमहेल्ट आणि मार्शनर यांनी १९८६ मध्ये या दोन रीतींची विभागणी मांडली, ती आजही मुळापासून शिकवली जाते.

आता हे सगळं काम मूळ कुठे करतं? तर टोकाजवळच्या कोवळ्या भागात. आपले द्राक्षबागायतदार त्याला पांढरी मुळी म्हणतात, आणि पांढरी मुळी चालू आहे का, हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. चुनखडीतल्या पॅशन फ्रूटच्या बाबतीतही माझा पहिला प्रश्न तोच झाला आहे. पांढरी मुळी थांबली की लोह थांबलं. ती कशानं थांबते? सुकण्यानं, पाणी साचण्यानं, सूत्रकृमींनी, मर रोगानं आणि थंडीनं. म्हणून हिवाळ्यात इथे वेली पिवळ्या पडल्या की मी घाबरत नाही, जमीन गरम झाली की मुळी पुन्हा चालते. पावसाळ्यातल्या पिवळेपणाकडे मात्र लगेच धावते.

कारण पावसाळ्यात खरा शत्रू बायकार्बोनेट असतो. मे ते ऑक्टोबर इथे धो धो पाऊस. खडीच्या खाली अखंड खडक, भूजल वर आलेलं, त्यामुळे पाणी मुळाशी थांबतं. मुळं आणि जिवाणू श्वास घेतात, कार्बन डायॉक्साइड बाहेर जाऊ शकत नाही, तो पाण्यात मिसळतो, चुन्याला लागतो आणि बायकार्बोनेट तयार होतं. मुळानं कष्टानं सोडलेलं आम्ल हे बायकार्बोनेट तिथल्या तिथे मारून टाकतं. कोरड्या महिन्यांत विहिरीचं पाणी द्यावं तर तेही बिस्केन या चुनखडकातल्याच भूजलसाठ्यातलं, जड, बायकार्बोनेटनं भरलेलं. म्हणून आम्ही वेली उंच गादीवाफ्यांवर लावतो, ठिबकनं थोडं थोडं पाणी देतो आणि पाण्यात मोजून आम्ल सोडतो. त्या आम्लानं जमीन बदलत नाही. पाण्यातलं बायकार्बोनेट मुळीपर्यंत पोचण्याआधी संपतं आणि ठिबकच्या नळ्याही चुन्यानं बंद होत नाहीत.

जमीनच आंबट का करत नाही, असं नव्यानं आलेले बागायतदार नेहमी विचारतात. गंधक टाका, सामू खाली आणा, प्रश्न मिटला. मी त्यांच्यासमोर कागदावर हिशेब मांडते. एक किलो गंधक साधारण तीन किलो चुना निकामी करतं. एका एकरातला पंधरा सेंटिमीटरचा फोडलेला थर ढोबळमानानं आठशे टनांच्या आसपास जातो. त्यातला निम्माच चुना धरला तरी तो संपवायला सव्वाशे टन गंधक लागेल. आणि ते सगळं टाकून झाल्यावर खाली तोच खडक पसरलेला, जो पुढच्या पावसात पुन्हा विरघळणार. या जमिनीचा सामू उतरत नाही. हे एकदा मनानं स्वीकारलं की कामाची दिशा बदलते. मुळी जेवढा थर बदलते तेवढ्याच थरात तिला मदत करायची, बाकीचा खडक जसा आहे तसा राहू द्यायचा. माझं इथलं सगळं काम या एका वाक्यात मावतं.

या मदतीचे काही प्रकार महाग आहेत. ईडीडीएचए या चिलेटमधलं, म्हणजे लोहाला धरून ठेवणाऱ्या द्रव्यातलं, लोह हा त्यातला सगळ्यात खात्रीचा. ईडीटीएमधलं लोह साडेसहाच्या वर सामू गेला की सुटायला लागतं आणि चुना त्याची जागा घेतो. डीटीपीए साधारण साडेसातपर्यंत टिकतं. आठच्या वरही लोहाला धरून ठेवतं ते ईडीडीएचए. त्याचं पाणी लालभडक असतं, उन्हानं ते बिघडतं, म्हणून फवारायचं नाही, मुळाशी आळवणी करायची, आणि तीही जमीन गरम असताना, पांढरी मुळी चालू असताना. जस्त आणि मँगेनीज फवारणीतून घेता येतं, लोहाची फवारणी पानावर ठिपके हिरवे करते, बाकी पान पिवळंच. आळवणीनंतर शेंड्याचं नवं पान हिरवं निघालं की ती लागू पडली असं समजायचं. आधी पिवळं झालेलं पान किती हिरवं होतं याची वाट पाहू नये.

इथे पान-परीक्षणाबद्दल एक सांगायला हवं, कारण त्यावर बराच पैसा खर्च होतो. चुनखडीतल्या द्राक्षात आणि पीचमध्ये असं आढळलेलं आहे की पिवळ्या पानातलं एकूण लोह कधीकधी हिरव्या पानाइतकंच भरतं. लोह पानात पोचतं, पण कामाला लागत नाही. तेव्हा लोहाचा अहवाल ठीक आला म्हणून शेंडा पिवळा असताना स्वस्थ बसू नये. डोळ्यांवर विश्वास ठेवावा.

नत्र कोणत्या रूपात देतो यानंही फरक पडतो. मुळी अमोनियम घेते तेव्हा बदल्यात हायड्रोजन आयन सोडते, म्हणजे अंगालगत आंबटपणा वाढतो. नायट्रेट घेताना उलटं होतं. उबदार जमिनीत अमोनियमचं नायट्रेट लवकर होतं, म्हणून अमोनियम सल्फेट एकदम न देता लहान हप्त्यांत, वारंवार. यात दुसराही विचार आहे. बिस्केनचं पाणी हे काउंटीतल्या लाखो लोकांचं पिण्याचं पाणी आहे आणि आमच्या शेताखाली ते हाताच्या अंतरावर आहे. पलीकडे एव्हरग्लेड्सचं दलदलीचं अरण्य, जिथे पाण्यातल्या स्फुरदाची मर्यादा अब्जात दहा भाग ठरवलेली आहे. खडी पाणी धरत नाही, ती खतही धरत नाही. जादा टाकलेलं नत्र वेलीला मिळत नाही, ते लोकांच्या नळात जातं. स्फुरदाचं उलट, चुना त्याला बांधून टाकतो, आणि मुळांवर वाढणारी मायकोरायझा बुरशी ते थोडं थोडं सोडवून आणते. तिला जपायचं तर स्फुरदाचा मारा थांबवावा लागतो.

स्वस्त मदत म्हणजे आच्छादन, आणि ती मला शिकवली ग्वाटेमालाहून आलेल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यानं. मी एका वेलीच्या बुंध्याशी खडी उकरून मुळं शोधत होते. ते शेजारी येऊन बसले. "इन्हेनिएरा," म्हणजे इंजिनिअरबाई, "खाली नाही, वर बघा," म्हणाले, आणि त्यांनी कुजलेल्या लाकडी भुशाचा थर हातानं हलकेच बाजूला केला. पांढऱ्या मुळ्यांचं जाळं खडीत नव्हतंच. ते खडीतून वर चढून आच्छादनात पसरलेलं होतं. कुजणाऱ्या पालापाचोळ्यात ह्युमिक, फुल्विक आम्लं असतात, ती लोहाला धरून ठेवतात, निसर्गानंच केलेलं चिलेट. माझ्या वडिलांच्या शेणखतातल्या हिराकसाचं गुपित तेच. तेव्हापासून आमचे वाफे वर्षभरात कधीच भुशाविना उघडे पडू देत नाही. वाफ्यांच्या मधल्या पट्ट्यांत उन्हाळी ताग पेरतो. ताग इथे हिरवळीचं खत म्हणून बराच वापरतात, सूत्रकृमी कमी करायलाही त्याची मदत होते. अमेरिकेच्या या टोकाला तागाचं पिवळं फूल पाहिलं की मला आपल्या बांधांची आठवण येते.

पण चुनखडीशी जुळवून घेणं म्हणजे काय, हे पाहायचं तर शेत सोडून पाइन रॉकलँडमध्ये जावं लागतं. खडकावरचं हे स्लॅश पाइनचं विरळ जंगल. एव्हरग्लेड्स राष्ट्रीय उद्यानाबाहेर, मायामी-डेडमध्ये, त्याचा दोन टक्क्यांहूनही कमी भाग शिल्लक आहे. बाकीचं आमच्या खडक-नांगरांनी आणि घरांनी खाल्लं. तिथे पॅसिफ्लोरा सुबेरोसा नावाची रानवेल आहे. फूल हिरवट, नखाएवढं, पाकळ्यांशिवाय. फळ लहान, काळपट जांभळं. जुन्या खोडावर बुचासारखी फुगीर, भेगाळलेली साल. जेमतेम नजरेत भरणारी वेल. खडकाच्या खळग्यात पाइनच्या सुया कुजून झालेल्या मुठीएवढ्या काळ्या मातीत तिचं मूळ असतं आणि पान गर्द हिरवं. कोणी तिला ईडीडीएचए घातलेलं नाही. फ्लोरिडाचं राज्य-फुलपाखरू झेब्रा लाँगविंग तिच्यावर अंडी घालतं, अळ्या पानं कुरतडतात, वेल पुन्हा फुटते. तिच्या कितीतरी पिढ्या या खडकावर वाढल्या, ज्यांना लोह मिळवता आलं नाही त्यांचं बी राहिलं नाही. आमची पिवळ्या फळाची पॅशन फ्रूट दक्षिण अमेरिकेतून आलेली, ती या खडकावर पाहुणी आहे. तिच्याकडून पहिल्याच पिढीत त्या रानवेलीची अपेक्षा करणं अन्यायाचं आहे.

तरी निवड करता येते. पिवळी पॅशन फ्रूट बियांपासून वाढवतात आणि ती स्वतःच्या परागावर फळ धरत नाही, त्यामुळे प्रत्येक रोप वेगळं निघतं. एकाच ओळीत, एकाच पाण्यावर, एक वेल पिवळी आणि तिच्या शेजारची हिरवीगार, हे आमच्याकडे नेहमी दिसतं. हिरव्या राहणाऱ्या वेलींवर मी खूण बांधते. त्यांचं बी धरलं तर बाप कोण ते माहीत नसतं, रोपं पुन्हा संमिश्र. म्हणून त्यांच्या फांद्यांची कलमं करते, ती सहज मुळं धरतात. मात्र सगळा मांडव एकाच आईच्या कलमांनी भरला तर फुलं येतील आणि गळतील, फळ धरणार नाही. निदान तीन-चार वेगवेगळ्या आया हव्यात, आळीपाळीनं लावलेल्या. आणि मोठा काळा भुंगा हवा. पिवळ्या जातीचं फूल दुपारी उमलतं, रात्री मिटतं, तेवढ्या वेळात भुंग्यानं पाठीवरून पराग नेला तर फळ. त्याच्यासाठी आम्ही शेतात वाळकी लाकडं ठेवतो, कीटकनाशक दुपारी कधीच फवारत नाही. जांभळी जात अधिक गोड, पण तिचं मूळ सूत्रकृमी आणि मर रोगाला लवकर बळी पडतं. तिला पिवळ्या जातीच्या खुंटावर बांधतात, जसा आपल्याकडे द्राक्षाला डॉगरिज.

महाराष्ट्रातल्या नातेवाइकांकडून, राहुरीच्या मित्रांकडून हल्ली फोन येतात. पॅशन फ्रूट लावू का, भाव चांगला आहे म्हणतात. माझं सांगणं सरळ आहे. माती तपासताना सामूवर थांबू नका, मुक्त चुन्याचं प्रमाण तपासून घ्या, आणि विहिरीच्या पाण्यातलं बायकार्बोनेटही. चुना जास्त निघाला तर आधी दहा-वीस वेली लावून दोन पावसाळे पाहा. उंच वाफा, जाड आच्छादन, थोडं पण वारंवार पाणी, पिवळ्या जातीचा खुंट, आणि ईडीडीएचएचा खर्च पहिल्या दिवसापासून हिशेबात धरा. हा खर्च वेल असेपर्यंत दर वर्षी येतो. तो परवडत नसेल तर त्या जमिनीत सीताफळ किंवा बोर लावा, चुनखडीच्या हलक्या रानात ती निभावून नेतात.